गाडीला सिरॅमिक ब्रेक पॅड: घ्यावेत का, आणि घेतले तर बसवून कसे घ्यावेत?

पौडफाटा

नमस्कार मंडळी. माझी गाडी युरोपीय बनावटीची डिझेल सेडान, 2017 ची. पुढे डिस्क, मागे ड्रम. पुढचे पॅड संपत आलेत. गाडी चालू असताना चाकातून बारीक चिरका आवाज येतो, म्हणजे पॅडवरची इशाऱ्याची पत्री डिस्कला घासायला लागली आहे.

कंपनीचे पॅड ब्रेक उत्तम लावतात, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण पुढच्या अलॉय व्हीलवर काळी भुकटी इतकी बसते की धुतलेली गाडी आठवडाभरसुद्धा स्वच्छ दिसत नाही. मागची चाकं लख्ख आणि पुढची काळवंडलेली. ही भुकटी अलॉयच्या लॅकरमध्ये भाजल्यासारखी चिकटते, शाम्पूने निघत नाही. म्हणून यावेळी सिरॅमिक पॅड टाकावेत असं मनात आहे.

एक गॅरेजवाले म्हणतात, "कंपनीचेच टाका, बाकी सगळी फॅशन आहे." दुसरे म्हणतात, "सिरॅमिक टाका साहेब, ब्रेक दुप्पट लागेल." मला दोन्ही पटत नाही. वापर रोज कोथरूड ते हिंजवडी, शिवाय अधूनमधून ताम्हिणीमार्गे गावी, गाडी माणसांनी आणि सामानाने भरलेली. ब्रेकच्या बाबतीत हौस म्हणून काही करायचं नाही, नीट समजून करायचंय. जुन्या डिस्कवर नवीन प्रकारचे पॅड चालतात का, आणि नवे पॅड सुरुवातीला बसवून घ्यायचे म्हणजे नेमकं काय करायचं, हेही जाणकारांनी सांगावं.

वंगणहस्त

चांगला प्रश्न विचारलात. मी बरीच वर्षं ब्रेकच्या चाचण्यांच्या कामात होतो, त्यामुळे जरा लांबण लावतो.

आधी "दुप्पट ब्रेक" मनातून काढा. कोरड्या रस्त्यावर पेडल जोरात दाबल्यावर एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सुरू होत असेल, तर तुमचे सध्याचे पॅड चाक लॉक करण्याइतकी ताकद देतातच. त्यापुढे गाडी किती मीटरवर थांबणार हे टायर आणि रस्ता ठरवतात. घासलेल्या टायरवर जगातला कुठलाही पॅड टाकला तरी अंतर कमी होणार नाही.

तुमच्या गाडीला येतात ते बहुधा लो-मेटॅलिक पॅड. युरोपात गाड्या सलग मोठ्या वेगाने पळतात, तिथल्या सवयीप्रमाणे हे बनवलेले असतात. पाय टेकवला की लगेच पकड, पण त्यात पोलादाचे तंतू आणि घासणारे कण असतात. ते डिस्कही खातात आणि स्वतःही झिजतात. चाकावरची काळी भुकटी म्हणजे पॅडइतकीच डिस्कची झीज आहे, तिच्यातलं लोखंड गंजून अलॉयला चिकटतं. सिरॅमिक पॅड प्रवासी गाड्यांसाठी 1980 च्या दशकात पुढे आले, अकेबोनो ही जपानी कंपनी त्यात आघाडीवर होती. त्यात पोलादाच्या तंतूंऐवजी सिरॅमिक तंतू आणि खनिज पूड असते. भुकटी कमी, रंगाने फिकट, चाकाला कमी चिकटणारी. आवाज कमी, डिस्कची झीज कमी. किंमत जास्त, आणि थंड असताना पहिल्या स्पर्शाची पकड जरा मऊ लागते. शहरातल्या गाडीला हा सौदा फायद्याचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक. पोर्शेसारख्या गाड्यांना असतात त्या कार्बन-सिरॅमिक डिस्क आणि हे पॅड यांचा संबंध नाही. तुमची डिस्क बिडाचीच राहणार.

आंबेनळी

वंगणहस्त यांच्याशी शहरापुरता सहमत. पण घाटात सिरॅमिक नको, हे माझं ठाम मत. आमचं येणंजाणं महाबळेश्वर-पोलादपूर. तो उतार ज्याने भरल्या गाडीने उतरलाय त्याला विचारा. सेमी-मेटॅलिक पॅडमध्ये धातू जास्त, तो उष्णता वाहून नेतो. सिरॅमिक उष्णता वाहून नेत नाही, मग ती जाणार कुठे?

अनघा_फिजिक्स

उष्णतेचा विषय निघालाच आहे तर गणित मांडते, वर्गात मुलांनाही हेच उदाहरण देते.

गाडी आणि माणसं मिळून 1400 किलो धरा. 100 च्या वेगाने जाणाऱ्या या गाडीची गतिज ऊर्जा होते साधारण 540 किलोज्यूल. गाडी थांबवली की ही सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. आता तीच गाडी 1000 मीटर उंचीवरून खाली आणा. वजन गुणिले गुरुत्वीय त्वरण गुणिले उंची, म्हणजे सुमारे 13.7 मेगाज्यूल. भागाकार केला तर पंचवीस येतात. म्हणजे एवढा घाट फक्त ब्रेकवर उतरणं हे 100 च्या वेगावरून पंचवीस वेळा पूर्ण थांबण्याइतकं आहे. वस्तुमान दोन्हीकडे कटतं, त्यामुळे लहान गाडीलाही हाच आकडा. हवेचा आणि टायरचा विरोध थोडा वाटा उचलतो, पण घाटातल्या वेगाला तो फार नसतो. महाबळेश्वरहून पोलादपूरला येताना उतरण 1000 मीटरपेक्षा जास्तच आहे.

उरलेला भार इंजिनाने घ्यायला हवा, म्हणजे खालचा गिअर. पॅड कुठलाही असो.

आंबेनळी

अनघाताई, हे पंचवीसचं गणित घाटाच्या तोंडाशी फलकावर लावायला हवं. खालच्या गिअरबद्दल दुमत नाही. ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, असं आम्हाला जुन्या एसटी ड्रायव्हरांनी शिकवलं.

वंगणहस्त

आंबेनळी, तुमच्या मुद्द्यात तथ्य आहे, तो झटकत नाही. सिरॅमिक पॅडमधून कॅलिपरकडे, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाकडे, उष्णता कमी जाते, त्यामुळे ब्रेक ऑइल थोडं थंड राहतं, पण डिस्कवर भार जास्त येतो. पुढच्या डिस्क मधून पोकळ, हवेशीर असतील तर रस्त्यावरच्या गाडीला हे जमून जातं. ट्रेलर ओढणारी, कायम ओव्हरलोड असणारी किंवा ट्रॅकवर पळणारी गाडी असेल तर मीही चांगला सेमी-मेटॅलिकच सुचवेन.

पण घाटात "ब्रेक गेला" म्हणून जे सांगितलं जातं त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात, आणि पायाला त्या वेगळ्या कळतात. पेडल टणक आहे, पूर्ण जोर लावलाय, तरी गाडी सरकतेय, तर पॅड तापून त्यांचं घर्षण कमी झालंय. पेडल स्पंजासारखं खाली जातंय, तर ब्रेक ऑइल उकळलंय आणि नळीत वाफ झालीय. दुसरा प्रकार जास्त भयंकर, आणि त्यावर पॅड हा उपायच नाही.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट 4 ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान 230 अंश सेल्सिअस असतो, पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शोषल्यावर मानकाप्रमाणे किमान 155. डॉट 3 चे हेच आकडे 205 आणि 140. कोकणातल्या दमट हवेत चार-चार वर्षं ऑइल न बदलता महागडे पॅड टाकणारे लोक मी पाहिलेत. पौडफाटा, दोन वर्षं झाली असतील तर पॅडसोबत ऑइल बदलाच, एअर नीट काढून घ्या. पैसे कमी असतील तर आधी ऑइल, मग पॅडचा प्रकार.

सिन्नरकर_मेघना

+1. धागा वाचतेय, फार उपयोगी. वंगणहस्त दादा, पॅड विकत घेताना काय बघायचं? आमच्याकडे दुकानदार सरळ म्हणतो, "हे सिरॅमिक आहे ताई," खोक्यावर तसं छापलेलंही असतं. खरं कसं ओळखायचं?

वंगणहस्त

मेघनाताई, सिरॅमिक किती असलं म्हणजे सिरॅमिक पॅड म्हणायचं याचं सक्तीचं प्रमाण नाही. त्यामुळे खोक्यावरच्या शब्दापेक्षा पॅडच्या पाठीवर आणि कडेवर काय छापलंय ते बघा.

कडेला बनवणाऱ्याचा कोड असतो आणि शेवटी दोन इंग्रजी अक्षरं. पहिलं अक्षर साधारण तापमानातलं घर्षण सांगतं, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55. एफ-एफ असेल तर रोजच्या गाडीला ठीक. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खाली उतरत असेल, म्हणजे एफ-ई, तर घाटात जाणाऱ्याने तो पॅड घेऊ नये. अक्षरं टिकाऊपणा किंवा दर्जा सांगत नाहीत, एवढं लक्षात ठेवा. दुसरी खूण युरोपच्या आर-90 नियमाची. गोलात ई आणि आकडा, पुढे 90 आर. असा पॅड मूळ पॅडच्या कामगिरीच्या 15 टक्के आतबाहेर असावा लागतो. ही खूण असेल तर मी निश्चिंत होतो. बनावट माल भरपूर आहे, म्हणून अधिकृत वितरकाकडून पक्क्या बिलावर घ्या.

हडसनकाठी

न्यू जर्सीहून. इथे खोक्यावर आणखी एक खूण दिसते, तीन पानांचं चित्र. त्याचा संबंध तांब्याशी आहे. पॅडमध्ये तांबं घालत कारण ते उष्णता पसरवतं आणि घर्षण स्थिर ठेवतं. पण भुकटी पावसाबरोबर ओढ्यात जाते, आणि विरघळलेल्या तांब्याने सॅमन माशांची वास घेण्याची शक्ती मंदावते, त्यांना शत्रू ओळखता येत नाही. म्हणून वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी 2010 मध्ये कायदे केले. तिन्ही पानं भरलेली आणि एन अक्षर असेल तर पॅडमध्ये तांबं अर्ध्या टक्क्याहून कमी. भारतात मिळणाऱ्या काही आयात पॅडवरही ही खूण असते. मुळा-मुठेला तरी तांबं कशाला पाजायचं, मिळालं तर असंच घ्या.

इकडचा एक अनुभव: हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने कॅलिपरच्या गाईड पिन, म्हणजे ज्यांवर कॅलिपर सरकतो त्या पिना, गंजून अडकतात. मग एक पॅड संपतो आणि शेजारचा नव्यासारखा राहतो. तुमच्याकडे किनाऱ्यावरच्या गाड्यांनाही हे होत असणार. पॅड बदलताना पिन काढून, पुसून, सिलिकोन ग्रीस लावल्याशिवाय चाक लावू देऊ नका. साधं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं.

पौडफाटा

वंगणहस्त, हडसनकाठी, अनघाताई, मनापासून आभार. पॅड मागवलेत, आर-90 ची खूण असलेले, कडेला एफ-एफ. ऑइलही बदलणार. आता डिस्कचं सांगा. डिस्कच्या कडेला नखाला लागेल एवढी कड उभी राहिली आहे.

वंगणहस्त

तिथेच मोजमाप करायला हवं. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला किंवा ओतलेला असतो. मायक्रोमीटरने सात-आठ ठिकाणी जाडी मोजा, साधा व्हर्निअर त्या कडेवर टेकतो आणि जास्त जाडी दाखवतो. किमान जाडीच्या जवळ आली असेल तर दोन्ही डिस्क बदला, एकच बदलू नका. जाडी भरपूर असेल तर लेथवर हलका हात मारून घेतला तरी चालेल, पण त्यानंतरही ती किमान जाडीच्या वर राहायला हवी.

हे का, तेही सांगतो. चांगला बसलेला पॅड थेट बिडावर घासत नाही. त्याच्या मालाचा अगदी पातळ, काही मायक्रॉनचा थर डिस्कवर चढतो आणि मग पॅड आणि तो थर यांच्यात घर्षण होतं. तुमच्या डिस्कवर आधीच लो-मेटॅलिकचा थर आहे. त्यावर दुसऱ्या प्रकारचा माल नीट धरत नाही, ठिगळं पडतात. म्हणून नवी डिस्क, किंवा लेथ, किंवा अगदीच चांगली डिस्क असेल तर पॉलिश पेपरने गोल गोल नव्हे तर आडव्यातिडव्या दिशेने घासून जुना थर काढणं, आणि वर ब्रेक क्लीनरने धुणं. नव्या डिस्कला गंजू नये म्हणून तेल लावलेलं असतं, तेही धुवा. डिस्क ज्या हबवर बसते तो हब तारेच्या ब्रशने साफ करा. तिथे गंजाचा एक कण राहिला तरी डिस्क तिरकी फिरते.

जुनी भुकटी हवा मारून उडवू देऊ नका. स्वस्त पॅडमध्ये आजही ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओलं करून पुसायचं.

आता बसवून घेण्याबद्दल. पॅडच्या खोक्यात कागद असेल तर तो आधी वाचा, आणि माझं आणि कागदाचं जुळलं नाही तर कागदाचं ऐका. सर्वसाधारण पद्धत अशी. गॅरेजमधून निघण्यापूर्वी पेडल टणक होईपर्यंत दाबा, पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिलं पेडल रिकामं जातं. हे न करता गाडी हलवली तर समोरच्या भिंतीवरच थांबते. मग मोकळ्या रस्त्यावर 50 वरून 10 पर्यंत मध्यम दाबाने वेग उतरवायचा, पूर्ण थांबायचं नाही. पुन्हा 50 पर्यंत जायचं, मध्ये अर्धा मिनिट डिस्कला हवा लागू द्यायची. असं आठ-दहा वेळा. मग 80 वरून 20 पर्यंत, जरा जोरात पण एबीएस लागणार नाही इतपत, पुन्हा आठ-दहा वेळा. या टप्प्यात जळका वास येईल, थोडा धूरही दिसेल. पॅडमधलं रेझिन पक्कं होताना वायू सोडतं, घाबरू नका. पेडल लांब जायला लागलं तर मात्र तिथेच आवरा आणि थंड होऊ द्या.

शेवट सर्वांत महत्त्वाचा. ब्रेकला शक्यतो पाय न लावता दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवत राहायची. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून सिग्नलला उभे राहिलात तर पॅडचा ठसा त्या जागी उमटतो. पुढे 80 ला ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरतं आणि गॅरेजवाला म्हणतो डिस्क वाकली. बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते, तिच्यावर थर असमान बसलेला असतो. दोन शतांश मिलिमीटरचा फरक हाताला जाणवतो. मागेही डिस्क असलेल्यांनी घरी पोचल्यावर हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये, चाकाला दगड लावून गाडी ठेवावी. पौडफाटा, तुमचा हँडब्रेक मागच्या ड्रमवर आहे, तुम्हाला ती अडचण नाही.

आंबेनळी

जागेबद्दल माझं एक सांगणं. हे एक्स्प्रेसवेवर किंवा समृद्धीवर कुणी करू नका. मागून 100 च्या वर येणाऱ्याला तुम्ही का ब्रेक मारताय हे कळायचं कारण नाही. रविवारी पहाटे एमआयडीसीचे अंतर्गत रस्ते रिकामे असतात, रुंद असतात. शेजारी एक माणूस बसवा, त्याने फक्त मागचं बघायचं. आणि नवे पॅड टाकून त्याच संध्याकाळी घाट उतरायला जाऊ नका. न बसलेला पॅड पहिल्यांदा जोरात तापला की वायू सुटून एकदम पकड सोडतो.

सिन्नरकर_मेघना

आमची माळेगाव एमआयडीसी त्यासाठी उत्तम. आणखी एक शंका: आमच्या घरी इलेक्ट्रिक गाडीही आहे. तिलाही हेच का?

वंगणहस्त

पद्धत तीच, पण रीजनरेशन (मोटरने वेग उतरवून बॅटरी चार्ज करणं) सर्वांत कमीवर ठेवून करा, नाहीतर मोटरच वेग उतरवते आणि पॅड तापतच नाहीत. इलेक्ट्रिक गाडीत पॅड झिजून संपण्याआधी डिस्क गंजून खराब होण्याचीच शक्यता जास्त. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर खरा ब्रेक लागेल असा दाबत जा.

पौडफाटा

काम झालं, म्हणून सविस्तर लिहितो.

उभी कड मोजमापात खरी ठरली, डिस्क किमान जाडीच्या अगदी जवळ होत्या. दोन्ही नव्या टाकल्या. डाव्या कॅलिपरची खालची पिन जवळजवळ अडकलेली निघाली. बाहेरचा पॅड जाड आणि आतला पत्र्यापर्यंत आलेला. हडसनकाठींनी सांगितलं नसतं तर मी पिन बघायला सांगितलंच नसतं. जुनं ऑइल चहासारखं तपकिरी निघालं.

रविवारी पहाटे चाकणच्या एमआयडीसीत गेलो, भाऊ शेजारी बसला होता. पहिल्या काही वेळा ब्रेक फार मऊ वाटला, पाय जास्त खाली न्यावा लागत होता. 80 च्या टप्प्यात मध्यावर वास आला, आणि त्यानंतर फरक पायाला स्पष्ट कळला: तेवढ्याच दाबाला गाडी जास्त धरायला लागली. थंड झाल्यावर टॉर्च लावून डिस्क पाहिली. सकाळी आरशासारखी चकचकीत, यंत्राच्या बारीक रेघा असलेली होती. आता तिच्यावर सगळीकडे सारखा, किंचित निळसर राखाडी थर आहे, कुठे डाग नाही, पट्टा नाही.

शहरातला अनुभव: पहिल्या स्पर्शाची ती झटकन पकड गेली आहे, हे खरं. बंपर टू बंपर वाहतुकीत मला हे आवडलं, गाडी हिसका न देता थांबते. आईलाही मागच्या सीटवर फरक जाणवला. चाकावर फिकट धूळ बसते, पाण्याच्या फवाऱ्याने निघते. ताम्हिणी भरल्या गाडीने दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरलो, पेडल शेवटपर्यंत टणक.

एकच शंका. पावसात रात्रभर उभी राहिली की सकाळी पहिल्या एक-दोन ब्रेकला खर्र आवाज येतो.

वंगणहस्त

तो डिस्कवरचा वरवरचा गंज आहे. बीड ओलं राहिलं की रात्रीत तांबूस होतं आणि पहिल्या दोन-चार ब्रेकला पुसलं जातं. त्यानंतरही आवाज राहिला तरच चाक उघडा. हजारेक किलोमीटर झाले की चाकाचे बोल्ट टॉर्क पान्याने तपासा, दोन्ही बाजूंच्या आतल्या पॅडची जाडी बघा, ती सारखी असली पाहिजे. डावी पिन एकदा अडकलेली होती, तेव्हा तिच्यावरचा रबरी बूट फाटलेला नाही ना हे या पावसाळ्यातच बघून घ्या. आणि मागच्या ड्रमचे लायनर किती उरलेत ते कुणी पाहिलं का? पुढचं काम झालं की मागचं सगळे विसरतात. हँडब्रेक नेहमीपेक्षा दोन-तीन दाते जास्त वर येत असेल तर ड्रम उघडून ॲडजस्ट करून घ्या.

पौडफाटा

हँडब्रेक वर येतो आहे खरा. शनिवारी ड्रम उघडतो, लायनरचे फोटो इथेच टाकतो.